गिलीट केलेला सॅक्सोफोन

आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत सगळ्यात झगझगीत वस्तू कोणती असं कुणी विचारलं असतं, तर मी शालिकदादांच्या दाराची कडी दाखवली असती. घर दोन खोल्यांचं, भिंतींना रंग नाही, समोर गटाराचं काम अर्धवट पडलेलं; आणि दाराला पितळी कडी अशी, की सकाळच्या उन्हात तिच्याकडे बघवत नसे. कामावर जाण्याआधी दादा तिला चिंच-मीठ लावत आणि खांद्यावरच्या फडक्यानं खसाखसा पुसत. वच्छलावहिनी ओट्यावर भांडी घासता घासता म्हणायच्या, "मन्हाकडे इतलं ध्यान दिधं नई कधी या मानूसनी."

मी नाशिककडची. यांची बँकेतली बदली सुरतला झाली तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मला लिंबायतच्या एका मराठी शाळेत नोकरी मिळाली आणि शेजार मिळाला तो शालिकदादांचा. दादा मूळचे अमळनेरकडचे. लिंबायतमध्येच एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. लगीनसराईत ते एका बँड पार्टीत सॅक्सोफोन वाजवत, आणि एरवी निरनिराळ्या बँडवाल्यांची बिघडलेली वाद्यं त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि समोरच्या भिंतीवर टांगलेले ट्रम्पेट. पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेले तेव्हा नमस्कार कुठल्या भिंतीला करावा हे मला कळेना.

मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे दादांचे कान अर्धे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. त्यांनी कानगोष्ट केली तरी ती चौथ्या घरात पोचे. कुणाकडे काय शिजलंय, कुणाचा मुलगा नापास झालाय, हे आम्हाला दादांच्या 'कुनाले सांगू नका हां' या आरोळीवरून समजायचं. पण मनात काडीचं पाप नाही. सोसायटीच्या सामाईक नळाची तोटी एकदा त्यांनी रविवारभर बसून इतकी लख्ख केली, की सोमवारी कुणीतरी ती नवीन समजून चोरूनच नेली. आम्ही सगळ्यांनी त्यांना फैलावर घेतलं. दादा नळाच्या उघड्या तोंडाकडे बघत म्हणाले, "चोराला बी कदर व्हती बघा."

माझा मिक्सर एकदा बंद पडला. दादा न विचारताच तो घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आणून ओट्यावर ठेवला. मी विचारलं, "काय झालं होतं हो?"

"काय झालं व्हतं ते इचारू नका, ताई. चालू झालं का, ते इचारा."

"अहो, पण पुन्हा झालं तर?"

"पुन्हा झालं तर पुन्हा मी शे ना. आमच्या धंद्यात खराबी सांगत नसतात. दुरुस्ती सांगतात."

हा जॉबर लोकांचा धर्मच होता म्हणे. माग अडला आणि काय मोडलंय ते शेठला आधी सांगितलं, तर शेठ ओरडतो, कारागीर घाबरतो आणि काम राहतं बाजूला. म्हणून जॉबरनं तोंड शिवून मागाखाली शिरायचं, माग चालू करायचा, आणि मग हात पुसत सांगायचं की अमुक तुटलं होतं, बसवलं. मला हे फार आवडलं होतं. वर्गात मुलांना मी दादांचं उदाहरण देत असे.

दादांना सॅक्सोफोन शिकवला तो शिर्केमास्तरांनी. मास्तर बडोद्याकडचे. त्यांचे वडील जुन्या काळी एका संस्थानाच्या बँडमध्ये होते आणि त्यांचा विलायती सॅक्सोफोन मास्तरांकडे आला होता. मास्तर सुरतेतच सगरामपुऱ्यात मुलगा-सुनेबरोबर राहत. दादा गावाहून कोवळ्या वयात सुरतला आले, मागावर लागले, आणि एका वरातीत मास्तरांचं वाजवणं ऐकून वरातीमागोमाग चालत नवरीच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी जाऊन उभे राहिले. मास्तरांनी विचारलं, "काय येतं तुला?" दादा म्हणाले, "माग दुरुस्त करता येतो." मास्तर हसले आणि म्हणाले, "बेस." ते 'बेस' दादांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी सांगताना आपणच खाली बसत.

मास्तरांचा सॅक्सोफोन मी तोवर एकदाच, दादांच्या घरी आला होता तेव्हा पाहिला होता. जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा काळपट-तपकिरी. पुढच्या रुंद तोंडावर बारीक वेलबुट्टी कोरलेली. मास्तर त्याला मलमलीच्या कपड्यानं पुसत, बाकी काही लावू देत नसत. दादांचा मात्र जीव वर्षानुवर्षं त्या काळेपणात अडकलेला. "इतलं भारी वाजं," ते म्हणत, "आनि तोंड बघा, चुलीतून काढल्यावानी."

मग मास्तरांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. तिकडे जाताना त्यांनी सॅक्सोफोन दादांकडे दिला, गाद्या बदलायला. सॅक्सोफोनच्या नळीवर ओळीनं भोकं असतात आणि चावी दाबली की त्यांवर कातड्याची गादी बसून भोक बंद होतं. या गाद्या जुन्या झाल्या की कडक होतात. एवढंच काम होतं. दादांनी गाद्या बदलल्या असत्या आणि फडक्यात गुंडाळून ठेवला असता, तर मी हे काही लिहायला बसले नसते.

सुरतेत जरीचा धंदा जुना. तारेवर सोन्याचं पाणी चढवतात, त्याला गिलीट म्हणतात. असं काम करणारा एक जण दादांच्या ओळखीचा. दादांच्या मनात आलं, मास्तर मरणाच्या दारातून परत येतायत, तर त्यांचं वाजं नव्या नवरीसारखं सजवून समोर ठेवावं. गिलीट चढायचं तर आधी पितळ आरशासारखं व्हायला हवं, म्हणून सॅक्सोफोन फिरत्या चाकावर धरून मनसोक्त घासला. हे काम दादांनी दुसऱ्याला करू दिलं नाही, स्वतः केलं. मग सोन्याचं पाणी. घरी आणला त्या दिवशी आमची सगळी आळी बघायला लोटली. दिवाळीतल्या कंदिलासारखा दिसत होता. मीसुद्धा 'वा' म्हटलं.

सगळ्यांसमोर दादांनी तो तोंडाला लावला. वरचे सूर आले. खाली उतरले तशी सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा नुसता फुसफुसाट झाला. दादांनी दोन-तीनदा फुंकून पाहिलं. मग म्हणाले, "गाद्या नव्या शेत. बसतील हळूहळू." आम्हाला काय कळतंय? आम्ही चहा पिऊन घरी गेलो.

पुढचं मला वच्छलावहिनींनी सांगितलं. मास्तर घरी आले तेव्हा बँडमधली माणसं जमली होती. दादांनी शालीत गुंडाळलेला सॅक्सोफोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शाल उघडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी त्याच्या रुंद तोंडावर, जिथे वेलबुट्टी होती तिथे, अंगठा फिरवला. चाकाखाली ती साफ पुसली गेली होती. अंगठा थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग म्हणाले, "छान. लग्नातल्यासारखा झाला." आणि वाजवायला घेतला. वरचे सूर आले, खालचे नाहीत. परत जोर लावला, ठसका लागला. सुनेनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मास्तर म्हणाले, "हवा खलास झाली रे माझी. डॉक्टर म्हणालेच होते." सॅक्सोफोन त्यांनी पुन्हा शालीत गुंडाळला आणि दादांकडे दिला. "तुझ्या छातीत दम आहे. तुझ्याकडे राहू दे."

"आनि हाऊ मानूस," वहिनी मला म्हणाल्या, "जो गावभर वरडस, तो एक शबद बोलना नई."

दादांना तेव्हाच ठाऊक होतं. चाकावर घासताना भोकांच्या कडा कुठे झिजल्या होत्या, कुठे वाकल्या होत्या. त्यांवर गादी कितीही नवी बसवली तरी फटीतून हवा निसटणारच. मास्तरांची छाती ठीक होती. वाजंच फुटक्या मडक्यासारखं झालं होतं. घरी वाजवून बघितलं तेव्हाच दादांना शंका आली होती, आणि त्या दिवशी मास्तरांसमोर बसल्यावर खात्री झाली.

मला हे सगळं कळलं ते एका गोधडीमुळे. भर उन्हाळा, सुरतेचा तो चिकट उकाडा, आणि दुपारी दादा ओसरीत गोधडी पांघरून बसलेले. मला वाटलं ताप भरलाय. मी काढा घेऊन गेले, तर गोधडीतून आवाज आला, "हात लावू नका, ताई, उजेड येतो!" आत दादा, मांडीवर सॅक्सोफोन, आणि नळीत वायरीला बांधून सोडलेला छोटा बल्ब. अंधारात चाव्या दाबायच्या आणि गादीच्या कडेनं कुठून उजेड झिरपतो ते पाहायचं. जिथून उजेड बाहेर, तिथून हवा बाहेर. घामानं निथळत होते. मी म्हटलं, "अहो, कुणासाठी एवढं?" दादांनी गोधडी बाजूला केली. पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मला कान देऊन ऐकावं लागलं.

"त्यासनी हवा मी चोरी लिधी, ताई," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "मग आजच जा आणि सांगा ना त्यांना. म्हणावं छाती चांगली आहे तुमची, दुसरं वाजं घ्या."

"बिघडेल वाजं हातात देईसन माफी मागू? दुरुस्त करतो. मंग सांगतो."

"पण तोवर त्यांना वाटत राहणार ना?"

दादांनी गोधडी परत डोक्यावरून घेतली. संपला विषय. मला त्यांचा भयंकर राग आला. मिक्सर निराळा आणि माणूस निराळा, हे एवढ्या मोठ्या माणसाला मी कसं सांगायचं? वहिनी तर रोज जेवायला वाढताना म्हणत, "आज जाय, आज सांग." दादा जेवण अर्धवट टाकून उठत.

त्यांनी कारखान्याच्या लेथवर लोखंडाच्या चकत्या करून घेतल्या, प्रत्येक भोकाच्या मापाची एक. चकतीला बारीक पॉलिश पेपर चिकटवायचा आणि कडेवर हलक्या हातानं फिरवायची. जिथे कड दबलेली, तिथे आतून सळई घालून ती वर उचलायची. केसाएवढं जास्त घासलं की दुसऱ्या बाजूनं उजेड. पहिल्या सीझनमध्ये, म्हणजे लगीनसराईत, एक भोक घासता घासता इतकं खाली गेलं, की त्याची कड नव्यानं झाळून बसवावी लागली. दुसऱ्या सीझनमध्ये चाव्यांच्या नळ्यांत शिरलेलं गिलीट सुईनं खरवडून काढलं. दादा बँडमध्ये जात, पण क्लॅरिनेट वाजवत. बाकीचे चिडवत, "मास्तरनं सोन्याचा दिला तरी तू लाकडाचाच फुंकतोस!" दादा ऐकू न आल्यासारखं करत. तेवढ्यापुरते त्यांचे कान उपयोगी पडत.

दर रविवारी ते मास्तरांकडे जात. कधी भरताची वांगी नेत, कधी कळण्याच्या भाकरीचं पीठ. परत येत ते चेहरा पाडून. रस्त्यावरून वरात जायला लागली की मास्तर उठून खिडकी लावून घेतात, एवढंच एकदा मला म्हणाले. त्यानंतर दोन दिवस त्यांनी दाराच्या कडीला हात लावला नाही. वच्छलावहिनींनी न राहवून ती स्वतः घासली.

त्याच सुमाराला माझ्या सासूबाईंनी गावाहून देवीचा टाक पाठवला. चांदीचा, पिढ्यान्‌पिढ्या पूजेत राहून काळा पडलेला. नवरात्र आलं होतं. मी सवयीनं तो दादांकडे नेला. पूर्वीचे दादा असते तर हातातून हिसकावून घेतला असता. त्यांनी तो उजेडात धरला, देवीच्या झिजलेल्या नाकावर बोट टेकवलं आणि माझ्या हातात परत दिला.

"नका घासू. नाक जाईल."

"थोडासाच हो, वरवर."

"थोडंच म्हनता म्हनता जातं, ताई," असं म्हणून ते आत गेले. मी टाक तसाच काळा पूजेत ठेवला.

तिसरी लगीनसराई संपता संपता, एका रविवारी दुपारी, शेजारून एक सूर आला. आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणले. खाली, अगदी पोटातून आलेला, भरलेला सूर. मी बाहेर आले तर वच्छलावहिनी पिठाच्या हातांनी दारात उभ्या आणि डोळ्यांना पाणी. दादा ओसरीत बसून तोच एक सूर पुन्हा पुन्हा वाजवत होते. गिलीट तसंच होतं. ते उतरवायचं म्हणजे पुन्हा घासणं आलं. वेलबुट्टीची जागा गुळगुळीत मोकळी. एका नक्षीवाल्यानं ती परत कोरून द्यायची तयारी दाखवली होती, पण दादा नको म्हणाले.

मग ते माझ्याकडे आले. "ताई, चला मन्हासंगे. एकटा गेलो तर आज बी बोलनार नई."

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. शाल उघडल्यावर हात झाडून म्हणाले, "कशाला आणलास? वाजव तूच." दादांनी हात जोडले. शेवटी माझ्याकडे बघून, पाहुण्या बाईसमोर किती नाही म्हणायचं म्हणून, मास्तरांनी तो उचलला. वरून सुरुवात केली. उतरत उतरत आले, आणि जिथे मागच्या वेळी पाय घसरला होता तिथे सूर उभा राहिला. मास्तर थांबले. परत वाजवला. मग आणखी खालचा. त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला बघवेना. "अगं, ऐकलंस का?" त्यांनी सुनेला हाक मारली. "आली! हवा परत आली! डॉक्टर म्हणाले होते ना, छाती भरून येते कधी कधी!" सून धावत बाहेर आली. म्हातारा लहान मुलासारखा हसत होता.

मी दादांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मनात म्हटलं, आता गप्प बसा, दादा. सगळं गोड झालंय.

दादा उभे राहिले. "मास्तर, हवा गेलीच नव्हती तुमची."

आणि बोलले. चाक, गिलीट, झिजलेल्या कडा, सगळं. आवाज त्यांचा नेहमीचा मोठा होता. मास्तरांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिशी."

"मग?"

"दुरुस्त करतो, मंग सांगतो, म्हटलं."

मास्तरांनी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला. "तीन सीझन," ते म्हणाले. "तीन सीझन मी खिडकी लावून बसलो, शालिक." मग माझ्याकडे वळले. "ताई, चहा घेऊन जा." फक्त मलाच म्हणाले. तो चहा मी कसा प्यायले ते माझं मला माहीत. दादा तोवर उभेच होते. बसायला त्यांना कुणी सांगितलं नाही.

परत येताना रिक्षात मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आता हलकं वाटलं ना, दादा?" ते म्हणाले, "नई."

मास्तर पुढच्या सीझनला पुन्हा बँडमध्ये उभे राहिले. फार चालवत नसे, म्हणून वरातीत त्यांना हातगाडीवर खुर्ची टाकून बसवत, असं ऐकलं. दादांनी ती बँड पार्टी सोडली. मास्तरांच्या समोर उभं राहायचं तोंड नाही म्हणाले. रविवारी मात्र जातच राहिले. दार कुणी उघडत नसे. वांगी ओट्यावर ठेवून परत येत. वहिनींनी त्यांना टोचून बोलणं सोडून दिलं होतं. पिशवी गपचूप भरून देत.

दशक संपता संपता आमची पुन्हा बदली झाली. निघायच्या आधी एका पालकांना भेटायला मी सगरामपुऱ्यात गेले होते. मास्तरांच्या घरावरून जाताना पाहते तर ओट्यावर दादा. मांडीवर सॅक्सोफोन, चाव्या उघड्या, नवी गादी चिमटीत धरून बसवत होते. गिलीट जागोजागी उडालं होतं आणि खालचा काळपटपणा वर यायला लागला होता. मी काही म्हणणार तोच ओट्यावरची खिडकी उघडली आणि एक सुरकुतलेला हात बाहेर आला. दादा लगबगीनं उठले, दोन्ही हातांनी सॅक्सोफोन उचलून त्या हातात दिला. हात आत गेला. खिडकी लागली.

"बोलतात का आता?" मी विचारलं.

"नई," दादा म्हणाले. खांद्यावरच्या फडक्याला त्यांनी हात पुसले. "पन दुसऱ्या कुनाकडे देत नई, ताई."

आणि खालचा सूर नीट येतोय का ते ऐकायला ते पुन्हा ओट्यावर बसले.